यादीत नसलेलं पाणी

साल १९६७. मद्रासला अग्निनक्षत्राचं, म्हणजे ऐन मे महिन्यातलं, ऊन तापलं होतं, आणि जॉर्ज टाउनच्या कचेरीत हेडक्लार्क असलेले राघोत्तमराव त्याच उन्हात खुर्चीवरून कोसळले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, असं डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, कनकाला सांगितलं.

त्यांना ठेवलं होतं त्या इस्पितळात तेव्हा एक नवा उपाय आला होता. पोटात नळी घालायची, बाटल्यांतलं कोमट पाणी आत सोडायचं, थोड्या वेळाने ते रक्तातलं विष घेऊन बाहेर येई. दीड दिवस हेच चाले, आणि आठवड्याने पुन्हा. परगावच्या मोठ्या इस्पितळात रक्त धुणारं यंत्र होतं. तिथे आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, जागा मिळणार होती. तोवर त्यांना टिकवायचं होतं. हा उपाय घेणारे पाच जण होते. महिना भरायच्या आत त्यांतल्या दोन खाटा रिकाम्या झाल्या, आणि कनका येता-जाता त्या खाटांकडे बघायचं टाळू लागली.

डॉक्टरांनी टाइप केलेली यादी दिली होती. मीठ नको, संत्रं नको, केळं नको, बटाटा नको. दिवसाला पाणी दोन टंबलर. कनका शाळेत गणित शिकवायची. तिच्या मापात थेंबाची चूक होत नसे.

राघोत्तमरावांची विधवा आत्या, राजसबाई, रोज सकाळी इळनीर, म्हणजे शहाळं, घेऊन येई. कनका रोज ते परत पाठवी. "यादी वाचून नवरा जगवणारी तूच पहिली," आत्या म्हणायची. आपल्या तंजावरच्या घरात तापलेल्या अंगाला आधी इळनीरच देत आले, देवानेच झाकण लावलेलं पाणी ते, त्याला कुणाचा हात लागलेला नसतो, असं तिचं म्हणणं.

राघोत्तमराव काही मागत नसत. ओठांना भेगा पडल्या होत्या, जीभ टाळूला चिकटायची. एका दुपारी ते म्हणाले, "कनका, मरणाची भीती नाही गं. तहानेची आहे."

तिने यादी तीनदा वाचली. इळनीर त्यात नव्हतंच. यादी परदेशी पुस्तकातून उतरवलेली होती. तिने हिशेब केला: एक टंबलर पाणी कमी करायचं, तेवढंच इळनीर द्यायचं. माप तेच. त्यांनी डोळे मिटून घोट घोट घेतलं आणि पहिल्यांदाच हसले. "अमृत याहून काय वेगळं असतं?"

चार दिवस तिने असं केलं. पाचव्या सकाळी ते म्हणाले, हात उचलत नाहीत. नाडी इतकी मंद झाली होती की नर्स धनलक्ष्मी मनगट सोडेचना. खाटेखाली पडलेलं रिकामं शहाळं डॉक्टरांना दिसलं. यांनी काय प्यायलं, असं त्यांनी विचारलं. ज्या क्षारामुळे केळं वर्ज्य, तोच शहाळ्यात भरपूर असतो आणि तो हृदय थांबवतो, असं ते म्हणाले.

कनकाने तोंड उघडलं, पण तिच्या आधीच राजसबाई बोलली. "मी आणलं. मीच पाजलं."

कनकाची बारा वर्षांची मुलगी विमला दारातच उभी होती. आत्याने कनकाच्या मनगटावर बोटं अशी दाबली की ती गप्प राहिली. दुपारी तीनला राघोत्तमराव गेले.

धनलक्ष्मीने यादीच्या तळाशी पेन्सिलीने, तमिळमध्ये, एक ओळ वाढवली. त्या पाचांतला अमरसिंह तेवढा यंत्रापर्यंत पोचला आणि आणखी दीड वर्ष जगला. विमलाने स्वतःच्या लग्नात आत्याआजीला नमस्कार केला नाही. राजसबाई १९७४ साली तंजावरला वारली. नातलगांनी तिच्या माघारीही तिला बोल लावला. कनका ऐंशीच्या पुढे जगली. नुंगंबाक्कमच्या कोपऱ्यावर शहाळ्यांची गाडी दिसली की ती रस्ता ओलांडून पलीकडे जाई. विमलाला वाटे, अम्माला आत्याआजी आठवते म्हणून. कनकाने तिला तसंच वाटू दिलं.