त्या दिवशी घर आवरलं

मी गादी बोलतेय. पलंगावरची नाही, जमिनीवरची. कापसाची, निळ्या पट्ट्यांची, एका माणसापुरती. पाहुणे आले की मला काढायचं, गेले की गुंडाळून कपाटावर टाकायचं. बरीच वर्षं माझं एवढंच आयुष्य होतं. कपाटावर पडून मी हे घर वरून बघायचे आणि खरं सांगते, मजेत होते.

घरात चौघं. आई, थोरला, धाकटा आणि थोरल्याची बायको. थोरला लिफ्ट दुरुस्त करतो. करायचा. धाकटा टेम्पो चालवतो. त्याचं डोकं लवकर तापतं आणि लवकर थंडही होतं. सून दुसऱ्या देशातली. इथे एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला आली होती. एकदा चादरींच्या ढकलगाडीसकट ती लिफ्टमध्ये अडकली आणि थोरला दुरुस्तीला गेला. फटीतून तो तिच्याशी बोलत राहिला.

धाकटा म्हणायचा, "वहिनी, लिफ्ट केव्हाच सुरू झाली होती. यानंच मुद्दाम उशीर लावला."

"सुरक्षेचे नियम असतात, शहाण्या," थोरला म्हणायचा. "तुझ्या टेम्पोला नसतात."

ती आपली भाषा शिकली, पण स्वतःच्या पद्धतीनं. सासूला 'तू' म्हणायची आणि नवऱ्याशी भांडताना मात्र 'तुम्ही'. "तुम्ही गाढव आहात," असं ती इतक्या अदबीनं म्हणायची की आईला हसू आवरायचं नाही. समोरची काकू जिन्यात कुजबुजायची, "कागदासाठी लग्न केलंय हो. बघा, एकदा पक्का परवाना मिळाला की उडाली भुर्र." आईनं एकदा ऐकलं आणि दार उघडं ठेवून मोठ्यानं म्हणाली, "उडेल तेव्हा तुमच्या खिडकीवरूनच जाईल. हात हलवा."

मग थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. सुरुवातीला त्यानं लपवलं. लपवण्यात पुरुषांना काय मिळतं कोण जाणे. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले. घरी न्या, म्हणाले.

घरी भाड्यानं एक लोखंडी खाट आली. उंच, अरुंद, चाकांची. बाजूचा दांडा फिरवला की डोक्याकडचा भाग वर व्हायचा. तिला जागा करायला नवरा-बायकोचा मोठा पलंग सुटा करून तळघरात ठेवला. आणि मला कपाटावरून खाली काढलं. या वेळी पाहुणं कुणी आलेलं नव्हतं.

सुनेनं मला खाटेला अगदी चिकटवून अंथरलं. आई म्हणाली, "माझ्या खोलीत झोप ग, पलंगावर. जमिनीवर कशाला?" ती म्हणाली, "आई, तिथून याचा श्वास ऐकू येत नाही."

ती एका कुशीवरच झोपायची, खाटेकडे तोंड करून. माझा तेवढाच भाग दबला, बाकीची मी फुगलेलीच. आपल्या गाऊनचा सुती पट्टा ती त्याच्या मनगटाला बांधायची आणि दुसरं टोक स्वतःच्या. त्यानं हात हलवला की तिला जाग. कधी तो दुपारीही पट्टा ओढायचा, काही नको असताना.

"काय हवंय?"

"लिफ्ट बोलावली."

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही. आली का ते बघितलं."

अशी माणसं होती ती. आणि या दोघांचं लग्न खरं आहे का, हे कुणीतरी तपासायला येणार होतं.

कारण सांगते. सुनेचा इथे राहायचा परवाना नवऱ्याच्या नावावर होता, तोही कच्चा. पक्क्यासाठी अर्ज केला होता, पण त्याचा निकाल थोरला जिवंत असताना लागायला हवा होता. आधी तो गेला तर अर्जही गेला. मग तिला देश सोडावा लागणार. थोरल्याचं आजारपण कळवल्यावर कार्यालयानं सांगितलं, आधी घर बघू, नवरा-बायको खरोखर एकत्र राहतात का ते बघू.

धाकट्यानं एकदा चिडून विचारलं होतं, "वहिनी, एवढं काय आहे इथे? तुझं माहेर आहे ना तिकडे?"

ती म्हणाली, "आहे. पण भावजी, तिकडे याला कुणीच बघितलेलं नाही. मी त्याच्याबद्दल कुणाशी बोलू?"

धाकटा उठला. बाहेर जाऊन टेम्पो धुवत बसला. टेम्पो स्वच्छच होता.

तपासनीस यायचा त्या दिवशी सून सकाळीच इस्पितळात गेली होती, थोरल्याचं दुखण्यावरचं औषध आणायला. रांग लांब असायची. इकडे आईनं पदर खोचला. सरकारचा माणूस घरी येणार! मुलगी बघायला पाहुणे यावेत तसं घर लखलखीत व्हायला हवं. औषधांच्या बाटल्या कपाटात. सुनेचे कपडे खुर्चीवर पडलेले असायचे, ते पेटीत. तिचा कंगवा, तिची घरातली चप्पल, उशाशी असलेला तिचा वाचायचा चष्मा, सगळं आत. खाटेच्या दांड्याला बांधलेला सुती पट्टा आईनं सोडला, धुतला आणि दोरीवर घातला.

मग तिची नजर माझ्यावर गेली.

"ही उचल रे. लोक काय म्हणतील, सुनेला जमिनीवर झोपवतात!"

धाकट्यानं मला गॅलरीत नेऊन झोडपलं, चांगलं धूळ उडेपर्यंत. आईनं जपून ठेवलेली कोरी खोळ काढली, घड्यांच्या रेघाही न मोडलेली, आणि मला घातली. धाकट्यानं मला घट्ट गुंडाळून दोरीनं बांधलं आणि गॅलरीतच खिडकीखाली उभं केलं. थोरला औषधाच्या गुंगीत होता, नाहीतर ओरडला असता. मी ओरडू शकत नाही. तिथून मला आतलं फक्त ऐकू येत होतं.

तपासनीस वेळेवर आला. आवाजावरून सभ्य वाटला. बूट बाहेर काढले, पाणी घेतलं. मग विचारलं, "यांच्या पत्नी कुठे झोपतात?"

"माझ्या खोलीत," आई पटकन म्हणाली. "पलंगावर. छान गादी आहे."

तेवढ्यात दार वाजलं. सून आली, धापा टाकत. तिलाही त्यानं तेच विचारलं.

"इथे," ती म्हणाली. "खाली."

तिनं खाली बोट दाखवलं असणार. खाली काय होतं? ओली, चकचकीत फरशी.

"सासूबाई म्हणतात, त्यांच्या खोलीत."

"आई?" सून म्हणाली. फक्त एवढंच.

"साहेब, थांबा!" धाकटा धावत गॅलरीत आला. दोरीची गाठ त्यानंच मारली होती, ती त्यालाच सुटेना. दातांनी ओढली, मग सुरीनं कापली. मला फरफटत आत नेलं आणि साहेबांच्या पायाशी उलगडलं. "ही बघा! ही वहिनीची गादी! रोज इथेच असते!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला इतक्या माणसांनी बघितलं, आणि मी कशी दिसत होते? नवीकोरी. कापूस झोडपून सारखा केलेला, खोळीवर दुकानातल्या घड्या. सुनेच्या अंगाचा जो खळगा माझ्यात पडला होता, तो यांनी काठीच्या मारानं पुसून टाकला होता.

"ही आत्ता आणलीत," साहेब म्हणाले.

"गॅलरीतून आणली! घर आवरलं म्हणून तिकडे ठेवली होती!"

"मी रोज घरं बघतो," साहेब हळूच म्हणाले. "बायको राहते त्या घरात तिचं काहीतरी पडलेलं असतं. कंगवा, चप्पल, काहीतरी. इथे तिची एकही वस्तू नाही."

"आहेत हो, पेटीत आहेत!" आई म्हणाली. तिचं तिलाच ते ऐकू आलं आणि ती खाली बसली.

खाटेवर थोरला हलला. "गादी…" असं काहीतरी पुटपुटला. साहेब म्हणाले, राहू द्या, त्यांना त्रास नको. पुढच्या महिन्यात पुन्हा येईन, न कळवता.

"पुढच्या महिन्यात?" धाकटा त्यांच्या अंगावरच गेला. "दिसत नाही तुम्हाला? पुढचा महिना बघणार आहे का तो?"

"ए," खाटेवरून आवाज आला. कसाबसा. "बस खाली."

धाकटा बसला. माझ्यावरच बसला.

साहेब गेल्यावर आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला वाटलं, तुला जमिनीवर बघून त्यांना वाटेल आम्ही तुला छळतो."

सुनेनं मला खाटेला चिकटवलं, आडवी झाली आणि म्हणाली, "आई, तू वेडी आहेस." मग दोघी एकदमच रडायला लागल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान धाकट्याला कुणाची तरी बाजू घेता आली असती.

त्यानंतर थोरल्यानं औषध घ्यायचं बंद केलं.

"ते घेतलं की मला झोप लागते," तो म्हणायचा. "तो आला आणि मी झोपलेलो असलो तर? या वेळी मी सांगणार त्याला." दुखणं आलं की तो खाटेचा दांडा धरायचा आणि दांडा कुरकुरायचा. तो स्वतः कुरकुरत नव्हता. दारावरची घंटा वाजली की मान उचलायचा. दूधवाला असायचा, नाहीतर काकू.

सुनेनं ते थोडे दिवस बघितलं. एका दुपारी ती माझ्यावर गुडघे टेकून उभी राहिली, चमचा त्याच्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, "तुम्ही घ्या."

"'तुम्ही' म्हणजे भांडण," तो म्हणाला.

"हो, भांडण. मला नको तो परवाना. मला तुम्हाला असं बघायचं नाही. घ्या."

"मग तू कुठे जाशील?"

"ते मी बघेन. तोंड उघडा."

त्यानं तोंड उघडलं. मी इतकी जवळ होते की चमचा त्याच्या दातांवर वाजलेला मला ऐकू आला. आठवड्यानं, सकाळी, आई चहा ठेवत असताना तो गेला. पट्टा ताणलाच गेला नाही. सून जागीच होती, तरी तिला कळायला थोडा वेळ लागला.

कार्यालयाला कळवणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. म्हणून साहेब आले, न कळवता, सांगितल्याप्रमाणे. दार उघडंच होतं. घरात कुणी काही आवरलं नव्हतं. खुर्चीवर सुनेचे कपडे, फरशीवर चप्पल, खाटेखाली औषधांच्या बाटल्या. खाट रिकामी. तिच्याशेजारी मी, आणि माझ्यावर सून, एका कुशीवर, खाटेकडे तोंड करून.

साहेब उंबऱ्यातच उभे राहिले.

"हेच," ते म्हणाले. "हेच त्या दिवशी…" आणि थांबले.

या वेळी धाकटा अंगावर गेला नाही. त्यानं नुसतं विचारलं, "आता लिहाल ना, साहेब?"

"लिहीन. जे दिसलं ते सगळं लिहीन. पण अर्ज त्यांच्यावर होता. ते नाहीत, तर…" त्यांनी आईला हात जोडले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

सून गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं माझी खोळ धुवायला काढली, तर आईनं तिच्या हातातून ती ओढून घेतली. "हात लावू नकोस," आई म्हणाली. इतक्या रागानं ती सुनेशी कधीच बोलली नव्हती. सुनेनं ऐकलं.

खाट दुकानवाले घेऊन गेले. मी अजून जमिनीवरच आहे, खोलीच्या मधोमध, कशाच्याच शेजारी नाही. लोक भेटायला येतात, मला वळसा घालून बसतात. काकू म्हणाली, "ही गुंडाळून का नाही ठेवत?" धाकट्यानं तिच्याकडे असं बघितलं की तिनं चहासुद्धा अर्धा टाकला.

माझं तुम्हाला एक सांगणं आहे. मी गादी आहे, मला कायदा कळत नाही. पण तुमच्या घरात कुणी दुखणाईत असेल आणि त्याचं माणूस जमिनीवर झोपत असेल, तर ती गादी लपवू नका. कुणीही येऊ दे, कितीही मोठा साहेब येऊ दे. पसारा दिसू दे. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. तेवढ्यानं कुणी मरत नाही.

सुनेचा फोन येतो. आई आणि धाकटा माझ्यावर बसून बोलतात, फोन मध्ये ठेवून. आधी "आई, तू जेवलीस का?" होतं. मग ती म्हणते, "भावजी, त्याचं काहीतरी सांगा." धाकटा सांगतो. लहानपणी थोरल्यानं घड्याळ खोललं ते, पहिल्या पगारात काय आणलं ते, लिफ्टच्या गमती. सांगून सांगून आता सगळं संपलंय.

काल तो म्हणाला, "वहिनी, नवीन काही आठवत नाही ग."

मग ती म्हणाली, "जुनंच सांगा ना."