उष्णतेचं चिन्ह

जावई पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपतो. मुलीने त्याच्याशी लग्न केलं तेव्हा मी गप्प बसलो. पण त्याने मी काम करतो त्याच कारखान्याच्या आराखडा विभागात नोकरी धरली, तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. प्रयोगशाळेत उष्णता मी मोजायची आणि त्या आकड्यावरून टाकी तापवायची की थंड करायची हे त्याने ठरवायचं.

विरघळताना पदार्थाने उष्णता बाहेर टाकली की मी तिच्या आकड्यापुढे अधिकचं चिन्ह लिहितो. हाताला गरम लागतं, म्हणजे आपल्याला मिळालं, म्हणजे अधिक. माझ्या सरांनी असंच शिकवलं. सहा वर्षांपूर्वी परिपत्रक आलं: पदार्थाच्या बाजूने मांडा, त्याने उष्णता गमावली तर उणे, घेतली तर अधिक. मी सही करून ते खणात कोंबलं आणि चिन्हं माझीच ठेवली. कधी काही बिघडलं नाही, म्हणजे माझंच बरोबर.

मागच्या महिन्यात जेवताना जावई नातीला म्हणाला, "आजोबांच्या कागदावर बर्फ तापतो आणि शेगडीला हुडहुडी भरते." नात खिदळली. माझी मुलगीसुद्धा हसली. मी ताट सरकवून उठलो.

दुसऱ्याच दिवशी नवा क्षार तपासायला आला. पाण्यात टाकला की भांडं इतकं तापायचं की हातात धरवत नव्हतं. मी जावयाच्या नाकावर टिच्चून परिपत्रकाप्रमाणे उणे लिहिलं आणि कोणापाशी ब्र काढला नाही. म्हटलं, बघू दे, म्हाताऱ्यालाही येतं.

त्याच्या आराखड्यात टाकीभोवती थंड पाण्याऐवजी वाफ सोडलेली होती. पहिल्याच खेपेला टाकी उसळली आणि पंपावरच्या माणसाचे दोन्ही हात भाजले.

चौकशीच्या खोलीबाहेर जावई काखेत जाडजूड फाइल घेऊन उभा होता. त्याने सरळ विचारलं, "या वेळी चिन्ह बदललंत ते मला का सांगितलं नाहीत?"

मी म्हटलं, कागद वाचता येत नाही का तुला?

"सहा वर्षं तुमचं प्रत्येक चिन्ह मी उलटं करून घेतोय, बाबा. हेही तसंच केलं." मग आवाज उतरवून म्हणाला, "आत खरं सांगा. नाहीतर माझी नोकरी जाईल."

आत व्यवस्थापकांनी विचारलं, कागद परिपत्रकाप्रमाणे होता का. मी हो म्हणालो, ते खरंच होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि आधीचे?"

"सगळेच," मी म्हणालो.

शेजारी बसलेल्या जावयाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या फाइलमध्ये माझे सहा वर्षांचे कागद होते; ती उघडली असती तर मी तिथेच उघडा पडलो असतो. निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्याने फाइल उघडली नाही. चूक माझी, म्हणाला, आणि संध्याकाळच्या आत त्याचं टेबल रिकामं झालं.

जाताना त्याने ती फाइल माझ्या हातात दिली. "जाळून टाका. हिला दिसायला नको, वडिलांवर जीव आहे तिचा."

 आभार मानायचे सोडून मला उलट त्याचा रागच आला. रात्री मुलीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, तो काहीच बोलत नाही, तुम्ही तरी सांगा, खरंच चूक त्याची होती का?

"त्याने स्वतःच कबूल केलंय," मी म्हणालो.