ओळखीचं नेटवर्क

तिनं लॅपटॉप उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तिथून कपाटावर, मग पुन्हा टेबलावर. पडद्याच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या चिन्हावरची फुली काही हटली नाही.

"ताई, तो घेऊन घरभर फिरू नका," फोनवरचा ऑफिसचा हेल्पडेस्कवाला म्हणाला. "रडकं बाळ आहे का ते? एका जागी ठेवा आणि मी सांगतो तसं करा."

घरभर म्हणजे किती, तर एक खोली आणि तिला चिकटलेलं न्हाणीघर. ती टेबलापाशी बसली आणि तिनं फोन कान आणि खांद्यामध्ये अडकवला. फोन साधा, बटणांचा होता. त्यात नेटबिट काही नव्हतं, म्हणूनच तिनं तो घेतला होता.

डॉक्टरांनी तोंडी सांगून ठेवलेली टिपणं ऐकायची आणि टाइप करून पाठवायची, हे तिचं काम. गेल्या आठवड्यात नेट गेलं तेव्हा कामावरच्या वरिष्ठ बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, की पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे द्यावं लागेल. असं काम पुन्हा मिळणं कठीण होतं. घरबसल्या होतं, आणि ठेवून घेताना कुणी पत्ता विचारला नव्हता.

पत्ता ती कुणालाच देत नव्हती. लेकीला घेऊन या खोलीत आली त्या दिवसापासून, नवऱ्याला आपला ठावठिकाणा लागू नये, एवढ्या एका गोष्टीभोवती तिनं संसार मांडला होता. सख्ख्या भावालाही तिनं सांगितलं नव्हतं. भाऊ भोळा होता, आणि भोळ्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. रोज जिन्यात पावलं वाजली की तिचे हात थांबायचे, आणि पावलं वर निघून गेली की पुन्हा चालू व्हायचे.

"एरोप्लेन मोड चालू करा. जरा थांबा. आता बंद करा."

फुली गेली. चिन्ह जरा धडपडलं आणि फुली परत येऊन बसली.

"हट्टी आहे," तो म्हणाला. "माझ्या बायकोवर गेलाय."

ती हसली नाही. तो आपल्याच विनोदावर हसला, चहाचा मोठा घोट घेतल्याचा आवाज आला.

"घरातलं नेटवर्क दिसतंय का यादीत?"

दिसत होतं. सगळ्यात वर घरमालकीणबाईंचं आणि खाली शेजाऱ्यापाजाऱ्यांची. एकाचं नाव ‘मागू नका’ आणि दुसऱ्याचं ‘हेही मागू नका’. एरवी ती नावं वाचून मायलेकी खुसुखुसु हसायच्या. आत्ता लेक जमिनीवर पालथी पडून घोडा रंगवत होती आणि आईचा आवाज ऐकून मुकाट्यानं रंगवत होती.

"त्यावर राइट क्लिक करा. ‘विसरा’ असं येईल, ते दाबा. मग पासवर्ड घालून नव्यानं जोडायचं, की झालं."

तिनं दाबलं. आणि दाबल्यावर तिच्या लक्षात आलं. पासवर्ड तिला ठाऊकच नव्हता. पहिल्या दिवशी घरमालकीणबाईंनी चष्मा लावून तो स्वतः घातला होता, आणि आज सकाळीच त्या फोन घरी विसरून बहिणीकडे गेल्या होत्या.

"अहो ताई, मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलं नाही."

"बरं, राहू द्या. आमच्या माणसाबरोबर दुसरा लॅपटॉप आणि नेटचं डोंगल पाठवतो. पत्ता सांगा."

"पत्ता नको. मी येऊन घेऊन जाते."

"घरपोच मिळतंय, आणि तुम्ही कशाला हेलपाटा घालता? तुमच्या नावापुढे पत्त्याची जागाच रिकामी आहे इथे. सांगून टाका. मी काय जेवायला येणार आहे का?"

तिनं टेबलाची कड घट्ट धरली. माणसं किती सहज विचारतात, आणि किती सहज सांगतातही. तिला त्याचा राग आला. आपल्याला दुसऱ्या कुणासारखं पटकन सांगून मोकळं होता येत नाही, याचं त्याहून वाईट वाटलं.

"दादा, पत्ता मी कुणाला देत नाही," ती म्हणाली. "कामावरून काढायचं असेल तर काढा."

पलीकडे कीबोर्ड खडखडला.

"अहो, झालं की," तो म्हणाला. "माझ्याकडे तुमचं मशीन हिरवं दिसतंय. काय केलंत?"

"काही नाही."

खरंच झालं होतं. फुली गेली होती आणि अडकलेल्या फाइली भराभर उतरत होत्या. तिला एकदम हलकं वाटलं, डोळे भरून आले. कुणाचं नेट मिळालं म्हणून तिनं चिन्हावर क्लिक केलं.

नाव होतं ‘साहेब’.

ते शेजाऱ्याचं नव्हतं. ते तिच्या नवऱ्याच्या फोनचं होतं. त्या घरात वायफाय कधी घेतलंच नव्हतं. नेट त्याच्या फोनमधून मिळायचं, तेही तो घरी असेल तोवर. गाडीतल्या टॅबसाठी त्याचा हॉटस्पॉट दिवसभर चालू असायचा. संध्याकाळी लॅपटॉप आपणहून जोडला गेला की तिला कळायचं, गाडी फाटकात आली. मग ती पसारा आवरायची आणि लेकीला गप्प बसवायची. तिनं नंबर बदलला होता, केस कापले होते, लेकीची शाळा बदलली होती. लॅपटॉप तेवढा जुनाच राहिला होता.

"ताई, रेंज कमी आहे वाटतं. किती दांड्या दिसतायत?"

"एक."

ती उठली. दाराला कडी होतीच, तिनं वरचा बोल्टही सरकवला. त्या आवाजानं लेकीनं मान वर केली. आईच्या तोंडाकडे पाहिलं, खडू खाली ठेवला आणि कुणी न सांगता बूट घालायला घेतले.

"आणि आता?"

"दोन."

"वाढतेय म्हणजे. चला, सुटलो. ठेवू फोन?"

"ठेवू नका." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तुम्हाला पत्ता हवा होता ना, लिहून घ्या."

"अहो, पण आता चालू झालंय ना तुमचं? आता कशाला?"

"लिहून घ्या, दादा. आणि दुसऱ्या फोनवरून पोलिसांना कळवा. माझा नवरा खाली आलाय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो बोलला, तेव्हा त्याच्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता.

"सांगा."

तिनं सांगितलं. रस्ता, इमारत, मजला. ऐकून टाइप करणाऱ्याचं चुकू नये अशा बेतानं, एकेक शब्द सुटा करून. तो प्रत्येक शब्द तिच्यामागून म्हणत होता, आणि त्याच्या पलीकडे आणखी कुणीतरी तोच शब्द दुसऱ्या फोनवर सांगत होतं.

"जिना चढल्यावर उजवीकडचं दार?"

"डावीकडचं," ती म्हणाली. "उजवीकडे एक आजोबा एकटेच राहतात. त्यांचं दार वाजवू नका म्हणावं, घाबरतील ते."