चार अंगुळं कमी

"अहो, ते पाट काढा आधी गाडीखालून! माझ्या माहेरचे आहेत ते. बापूंनी जेवायला बसायला दिले होते, चाकं ठेवायला नव्हे!"

शरदिनीबाई ओटीवरून ओरडल्या, पण ज्यांच्यासाठी ओरडल्या त्यांचे दोन पायच काय ते दिसत होते. उरलेले नीलकंठशास्त्री गाडीखाली होते. गाडीची मागची चाकं सागवानी पाटांच्या चळतीवर चढून बसली होती आणि पुढच्या चाकांना विटांची अडण लावली होती.

"सागवान आहे, काही होत नाही," गाडीखालून आवाज आला. "टाइम किती झाला?"

"बारा वाजून गेले. भाऊजींची तयारी झालीय. टॅक्सीला फोन करू का?"

"खबरदार!"

थोरले बंधू प्रल्हादशास्त्री, म्हणजे दादा, आज काशी सोडून निघाले होते. छातीचं दुखणं वाढलं, म्हणून मुलाने, आदित्यने, नाशिकला कायमचं बोलावून घेतलं होतं. पंचाहत्तरीचा माणूस काशी सोडतो म्हटल्यावर महमूरगंजची सगळी वस्ती हळहळली. दादा मात्र ज्याला त्याला हसून सांगत होते, "लोक मरायला काशीत येतात, मी जगायला नाशिकला चाललोय."

दादांना विमानतळावर आपणच सोडायचं, हे नीलकंठशास्त्र्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दादांनी मात्र अट घातली होती, "तुझ्या त्या तोफगाड्यात मी बसणार नाही. छातीला झेपणार नाही माझ्या."

तोफगाडा हे नाव गाडीने कष्टाने कमावलं होतं. सायलेन्सर कुजून त्याची चाळण झाल्यापासून ती सुरू झाली की भोसले घाटावरची कबुतरं उडत, ती थेट रामनगरच्या किल्ल्यावर जाऊन टेकत. मुन्शी घाटावरचा एक नावाडी दचकून उलटी वल्ही मारू लागला आणि प्रवाशांना घेऊन पुन्हा होता तिथेच आला. त्याने पैसे मात्र दोन फेऱ्यांचे घेतले. ज्या नंदीमहाराजांना पोलिसांची जीप हलवू शकत नव्हती, तेही हा आवाज ऐकून बाजूला होत. खोटं वाटत असेल तर नंदीलाच विचारावं.

गल्लीतले गाड्यांचे मिस्त्री लग्नाला गावी गेलेले. मग शास्त्रीबुवांनी सकाळी पान्हा हातात घेतला. गंजलेल्या बोल्टांना मोहरीचं तेल पाजलं, राहुकाळ टळेपर्यंत थांबले आणि जोर लावला. बोल्ट सुटले, तेव्हा गाडीखालून असा जयजयकार झाला की शेजारच्या मिश्राजींनी शंख फुंकला.

तेवढ्यात ईशानी स्कूटीवरून आली. शास्त्रीबुवांची ही मुलगी बँकेत होती आणि आज रजा टाकून मलदहियाच्या बाजारात गेली होती. नवाकोरा सायलेन्सर तिने बाळासारखा कवेत धरला होता.

"बाबा, एकदम झकास माल! दुकानदाराने सामनेच पाइप कापून दिला. तुम्ही फोनवर बोललात ना, तीस अंगुळं, तेवढाच."

टेप सापडली नव्हती, तेव्हा शास्त्रीबुवांनी जन्मभराच्या सवयीने माप घेतलं होतं. त्यांचा धंदा यज्ञकुंडं बांधण्याचा. मधल्या बोटाचं मधलं पेर म्हणजे एक अंगुळ. त्या मापाने त्यांनी शेकडो कुंडं बांधली आणि एकही वीट चुकली नव्हती.

सायलेन्सर रबरांत अडकवला. मागून नीट बसला. पुढचं तोंड मात्र जोडापर्यंत पोचेना.

"ईशानी! किती अंगुळं मोजलीस?"

"तीस! माझ्या बोटाने, आणखी कोणाच्या?"

 गाडीखालून काळवंडलेला एक हात बाहेर आला. ईशानीने आपला हात त्याशेजारी धरला. बाबांचं पेर खलबत्त्याच्या बत्त्यासारखं, तिचं भेंडीसारखं.

"चार अंगुळं कमी," शास्त्रीबुवा म्हणाले. आवाजातला जीवच गेला होता. "कर फोन टॅक्सीला."

"थांब गं!"

दादा दारात उभे होते. प्रवासाचं धोतर, नवं उपरणं, कपाळाला गंध. "अरे नीळू, कुंडाला माप कोणाच्या बोटाचं धरतात? पुरोहिताच्या की यजमानाच्या?"

"यजमानाच्या."

"मग गाडीचा यजमान तू, आणि मोजतेय ही! एवढं वय झालं, पण..." बोलता बोलता त्यांनी उपरणं शरदिनीबाईंच्या हातात दिलं. "जुना पाइप जोडापाशी धड आहे ना?"

"तेवढाच धड आहे."

"मग पाच अंगुळं ठेवून काप. चार कमी पडली ती, आणि एक नव्यात शिरायला. तुझ्या बोटाने मोज हो!"

आणि शरदिनीबाई "भाऊजी, छाती! भाऊजी, धोतर!" म्हणेपर्यंत दादा गाडीखाली सरकलेसुद्धा. आता चार पाय दिसत होते.

मग जी धांदल उडाली! ईशानीने करवतीच्या पात्याने जुना पाइप कापला. पाण्याच्या मोटरीचे क्लॅम्प काढून आणले, तेव्हा शरदिनीबाई म्हणाल्या, "आता टाकीत पाणी काय गंगामैया चढवणार?" फट बुजवायला तुपाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळला. "धर, धर!" "तू फिरव!" "उलटा फिरवतोयस!" "दादा, नाक बाजूला घ्या!" सत्तरीतली दोन पोरं गाडीखाली खिदळत होती.

चावी फिरवली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

काहीच ऐकू आलं नाही.

"सुरू झालीच नाही," शरदिनीबाई म्हणाल्या.

"झालीय!" ईशानी नाचायला लागली. पत्र्यावरचं उरलंसुरलं तूप तापलं आणि अंगणभर होमाचा वास सुटला. मिश्राजींनी पुन्हा शंख फुंकला.

मागच्या सीटवर सामान ठासून भरलं होतं, म्हणून गाडीत दोघेच बसले. धोतराला काजळी लागली होती, पण बदलायला वेळ नव्हता. बाबतपूर विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर दादांनी डोळे मिटले आणि हळूच म्हणायला सुरुवात केली. अर्धी ऋचा म्हणून ते थांबले. उरलेली अर्धी नीलकंठशास्त्र्यांनी उचलली. पाठशाळेत दोघांना जोडीने बसवलं होतं, तेव्हापासून पारायणाला ते असेच म्हणत. एकाचा श्वास संपला की दुसऱ्याचा सुरू. या गाडीत मात्र आजवर ते कधी जमलं नव्हतं.

काचेच्या दारापाशी सामान ढकलगाडीवर चढलं आणि दादांनी पिशवी खांद्यावर घेतली. नीलकंठशास्त्री वाकून पाया पडले. "चांगला बसलाय हो सायलेन्सर," दादा म्हणाले आणि आत गेले. धोतरावरचा काळा पट्टा गर्दीत बराच वेळ दिसत राहिला.

परतताना नीलकंठशास्त्र्यांनी आपसूक म्हणायला घेतलं. अर्ध्यावर आले आणि सवयीने थांबले.

गाडी मऊ चालत होती. हरहुआ आलं, मागे गेलं.

मग उरलेली अर्धी त्यांनीच म्हटली, जरा खालच्या सुरात, दादा म्हणायचे तशी.