लाल खुणेचे पिंजरे

डॉक्टरबाईंनी अकरा वर्षं उंदरांची भीती मोजली. माणसं सोडून उंदीर का, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, उंदीर खोटं बोलत नाही. हे त्या इतक्यांदा बोलल्या होत्या की त्यांना स्वतःलाही ते पटलं होतं.

काम असं होतं. अर्ध्या उंदरांना रोज औषध टोचायचं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. तीन आठवड्यांनी एकेकाला पेटीत सोडायचं. पेटीचा एक कप्पा अंधारा, दुसरा लख्ख उजेडाचा. भित्रा उंदीर अंधारात दडी मारतो, निर्धास्त उंदीर उजेडात हिंडतो. मग त्याला मारायचं आणि मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे मन शांत ठेवणारं रसायन, मोजायचं. औषधवाले उंदीर दरवेळी दुप्पट वेळ उजेडात राहत. कुणाला काय टोचलंय हे ना टोचणाऱ्याला ठाऊक असे, ना वेळ मोजणाऱ्याला, ना खुद्द बाईंना. आपल्या आशेनं आकडे बिघडू नयेत म्हणून हा कडेकोट बंदोबस्त. या जोरावर सहा शोधनिबंध छापून आले आणि पुढच्या वर्षी औषध माणसांना देऊन बघायचं ठरलं.

मग पिंजरे साफ करणाऱ्या मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या दोन महिने घरी बसल्या आणि त्या दोन महिन्यांत औषधाचा गुण गेला.

बाईंनी दिवा बदलला, पेटी बदलली, औषधाची नवी बाटली फोडली. फरक शून्य. मावशी लंगडत कामावर आल्या, त्या आठवड्यात एकदा बाई सकाळी लवकर पोचल्या आणि दारातच थबकल्या. मावशी काही उंदरांना छातीशी धरून त्यांच्या पाठीवरून बोट फिरवत होत्या, त्यांची विचारपूस करत होत्या. बाकीच्यांना नुसतं उचलून बाजूला ठेवत होत्या.

"यांनाच का, मावशी?"

"लाल खुणेचे आहेत ना. औषध चालू आहे म्हणजे आजारीच असणार बिचारे. पहिल्यापासून कुरवाळते मी. का, करायचं नसतं?"

औषधाच्या पिंजऱ्यातला भुसा वेगळ्या पिशवीत टाकावा लागे, म्हणून मावशींना ऑफिसातून मिळणाऱ्या यादीत तेवढ्या पिंजऱ्यांच्या आकड्यांपुढे लाल खूण असायची. आधी बाईंना मावशींचा राग आला, मग त्या रागाची लाज वाटली. पदव्या घेतलेल्या झाडून साऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. झाडू मारणाऱ्या बाईलाही डोळे असतात, माया असते, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्यासुद्धा.

त्यांनी मावशींना तीन आठवडे पाणीवाले उंदीर कुरवाळायला लावले. ते उजेडात आले. औषधवाले अंधारात बसून राहिले.

विभागप्रमुखांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मावशींना बागेच्या कामावर पाठवू, म्हणाले. या दोन-तीन महिन्यांचे आकडे फायलीत राहू देत. निबंधात सफाईवालीचा उल्लेख कोण शोधतो?

"एका झाडूवालीपायी अकरा वर्षं पाण्यात घालणार का तुम्ही?"

"ती केव्हाच गेली पाण्यात," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता आणि त्यांनी तो उतरू दिला नाही. "आता त्यात माणसं ढकलायची आहेत का? आणि मावशींना बागेत पाठवलंत, तर निबंध मागे घेण्याच्या पत्रात तेही लिहीन."

त्याच दुपारी त्यांनी सहाही निबंध मागे घेत असल्याची पत्रं धाडली. चूक आमची, पिंजरे साफ करणारीला आम्ही माणसांत धरलंच नाही, असं स्वच्छ लिहिलं. आता आपल्याला इथं कुणी उभं करणार नाही हे त्यांना कळत होतं, तरी छाती हलकी वाटत होती. त्या भरात त्या पिंजऱ्यांच्या खोलीत गेल्या. तुमची काही चूक नाही, तुमच्या कामाला धक्का लागणार नाही, असं त्यांनी मावशींना समजावलं.

मावशींनी हातातला भुशाचा डबा खाली ठेवला.

"म्हणजे औषधानं काही होत नव्हतं?"

"नाही."

"मग एवढे उंदीर मारलेत ते कशापायी?" मावशी पिंजऱ्यांकडे वळल्या. "मी रोज इथंच तर होते. पहिल्याच वर्षी विचारलं असतंत, तर सांगितलं नसतं का मी?"