पाचशेच्या जागी दीडशे

आठ पूर्णांक तीन दशांश मिलिलिटरपर्यंत फ्लास्कमधलं पाणी लालच होतं. पुढच्या थेंबाला ते जांभळट झालं, त्याच्या पुढच्याला निळं. वसुंधरानं ब्युरेटची तोटी बंद केली, मान खाली करून आकडा डोळ्यांच्या पातळीत आणला आणि वहीत लिहिला: ८.४. त्याला वीसनं गुणलं. कठीणपणा लिटरला एकशे अडुसष्ट मिलिग्रॅम.

"पाणी चांगलं आहे काका," ती म्हणाली. "मागच्या वर्षी होतं तसंच."

काउंटरपलीकडे स्टुलावर मारोतराव बसले होते. भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतले, पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये तेहतीस वर्षं काढून रिटायर झालेले. गल्लीतल्या बोअरचं पाणी ते दरवर्षी तपासून घेत. या वेळी दोन बाटल्या आणल्या होत्या. एक बोअरची, दुसरी घरी नव्यानं बसवलेल्या आरओ मशीनची.

"चांगलं आहे? मंग मशीन कावून घ्याले लावली मले?"

"कोणी लावली?"

"तुमीच."

वसुंधरानं हसत फ्लास्क खाली ठेवला.

"हसून नका राहू बाई. तुमच्या साइटवर लिवलं हाय. माह्या बायकोच्या, अंजनाच्या किडनीचं तुमाले माहीत आहे. म्या दोन रात्री वाचलं ते. मंग पोराले म्हटलं, बाबू, बाईनं लिवलं म्हणजे काही इचार करूनच लिवलं असंल." त्यांनी खिशातून फोन काढला. "आता ते मशीन एक घागर पाणी देते अन् दोन घागरी मोरीत फेकते. गल्लीतल्या बाया भांडून राहिल्या. अन् अंजना म्हणते, पाण्याले चवच नाही बाप्पा, औषधासारखं लागते."

फोनच्या पहिल्याच पानावर, नातीच्या फोटोवर, निळ्या थेंबाचं चिन्ह होतं. ते तिनंच तिथं बसवलं होतं. रिपोर्ट न्यायला येणाऱ्या प्रत्येकाचा फोन मागून घ्यायचा, साइट उघडायची आणि चिन्ह पहिल्या पानावर आणून ठेवायचं, ही तिची पद्धत होती. 'काका, दरवेळी फोन करायची गरज नाही. शंका आली की इथं बोट ठेवा, मी लिहून ठेवलेलं असतं.'

तिनं लेख उघडला. 'क्या आपके घर में आरओ की ज़रूरत है?' सगळ्यात जास्त वाचला जाणारा हाच. वाक्यं तिचीच होती. तिचे स्वल्पविराम, तिची उदाहरणं. 'पानी में घुले ठोस पदार्थ' या शब्दांनंतरचा आकडा तेवढा वेगळा होता. विरघळलेले क्षार लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या वर असले तरच मशीन घ्या, असं तिनं लिहिलं होतं; तिथं पाचशेच्या जागी दीडशे होतं. आणि त्या परिच्छेदाच्या शेवटी एक नवं वाक्य: 'इससे ऊपर का पानी किडनी के मरीज़ों के लिए ख़तरनाक है।' खाली मशीनचा फोटो आणि तिच्या दिराचा, सुजयचा नंबर.

दीडशे. दुर्ग-भिलाईत दीडशेच्या आतलं बोअरचं पाणी तिनं पाच वर्षांत दोनदा पाहिलं होतं.

"काका, पाच मिनिटं बसा."

ती आतल्या टेबलावर गेली. कॉम्प्युटरवर साइटचा पासवर्ड टाकला. चुकीचा आहे, असं स्क्रीनवर आलं. पुन्हा एकेक अक्षर पाहून टाकला. मग ती हात मांडीवर ठेवून बसली.

लॅब सुजयची. एम.एस्सी. केमिस्ट्री ती. रिपोर्टवर सही तिची चाले, त्याची नाही. पाच वर्षांपूर्वी रिसालीत हा गाळा घेतला तेव्हा दिवसाला दोन बाटल्या येत. जाहिरातीला सुजयकडे काही उरलं नव्हतं. "लिहिते मी," वसुंधरा म्हणाली होती. "त्याला काही लागत नाही."

दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पहाटे साडेपाच ते सात. त्यानंतर नवऱ्याचा, देवानंदचा डबा. त्याची जनरल शिफ्ट, प्लांटच्या ऑफिसात. काउंटरवर लोक विचारत तेच प्रश्न ती त्यांच्याच शब्दांत मथळ्याला घेई. बोअरचं पाणी सकाळी साफ आणि दुपारी पिवळं का? टाकी किती दिवसांनी धुवायची? उत्तर पहिल्या दोन ओळींत, कारण नंतर. ऑनलाइन नकाशावर लॅबची नोंद केली, दर महिन्याला नवे फोटो घातले. कोणी वाईट अभिप्राय दिला तर त्याच दिवशी उत्तर दिलं. तीन शाळांच्या विज्ञान शिक्षकांना भेटून वॉर्डवार पाण्याचा तक्ता दिला. त्यांनी आपल्या शाळेच्या साइटवर तिच्या साइटची लिंक दिली. पहिल्या महिन्यात दिवसाला अकरा वाचक आले, त्यातले चार तीच होती. चार वजा करून सात हा आकडा तिनं आलेख-कागदावर मांडला. मग दर रविवारी एक टिंब. पहिल्या वर्षी रेघ इतकी आडवी होती की देवानंद म्हणाला, "पेशंट गेला वाटते." तिसऱ्या वर्षी ती वर वळली. आता दिवसाला नऊशे. लेख चारशे शहात्तर.

दोन वर्षांपूर्वी लेखांखालचं तिचं नाव गेलं आणि सुजयचं आलं. त्या दिवशी तिनं लॅब सोडायचं ठरवलं होतं. देवानंदला सांगितलंही. तो बुटाची लेस सोडत म्हणाला, "घरातलंच आहे वसू. नाव कोणाचं का असेना." मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं. मग सुजयच्या मुलीची, दिपालीची बारावी. रिसालीच्या चौकात सिग्नलला स्कूटर थांबली की सुजयला सांगायचं ते वाक्य ती मनात म्हणून पाही. सिग्नल सुटे.

गेल्या रविवारी व्यापारी मंडळाच्या हॉलमध्ये सुजयचं भाषण झालं. विषय होता, फुकटात वेबसाइटवर गिऱ्हाईक कसं आणायचं. "भाई लोग, एक रुपया नहीं लगाया," तो माइकवर म्हणाला. "बस लगन चाहिए. हफ्ते में दो आर्टिकल, पाँच साल, बिना नागा." टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत वसुंधरानंही वाजवल्या. हात आपोआप वर गेले होते.

बाहेर गाडी थांबली. सुजय आत आला तो मारोतरावांना नमस्कार घालत.

"काय म्हणते मशीन, काका? फर्स्टक्लास?"

"बाईले विचारा," मारोतराव म्हणाले.

सुजय आतल्या टेबलाशी आला, आवाज उतरवून म्हणाला, "वहिनी, त्या सोसायटीचे चोवीस रिपोर्ट आज पाहिजेत. शेऱ्यात आरओ लिहून टाका सगळ्यात. कमिटी साइट वाचूनच आपल्याकडे आली आहे."

"पासवर्ड बदलला तुम्ही?"

"हाव. सेफ्टीसाठी."

"लेखातला आकडा पण?"

तो हसला. "अरे वहिनी, तुम्ही तर मास्तरणीसारखं पकडून राहिल्या. एक आकडाच तर बदलला. बाकी सगळं तुमचंच आहे न?"

"म्हणूनच लोकांना खरं वाटलं."

"रोज नऊशे लोक येऊन राहिले अन् फुकट वाचून जाऊन राहिले. तुमचं म्हणणं काय तर, पाणी चांगलं आहे, घरी जा. असा धंदा होते का? ट्रॅफिक आलं, आता ते कुठं तरी वळवावं लागते."

"माझं आहे ते."

"तुमचं कसं?" हे त्यानं रागानं विचारलं नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं. "साइट माझ्या नावानं आहे. लॅब माझी. तुमचं काय लागलं त्याच्यात? सकाळचा टाइम. घरीच तर होत्या तुम्ही."

वसुंधरानं खिडकीकडे पाहिलं. सोसायटीच्या चोवीस बाटल्या ओट्यावर ओळीनं उभ्या होत्या. कालच तपासल्या होत्या तिनं. तेवीस घरांचं पाणी चांगलं होतं. एकात लोह जास्त, त्याला साधी गाळणी पुरे होती.

तिनं ड्रॉवर उघडला. चोवीस छापील रिपोर्ट काढले. प्रत्येकावर शेऱ्याच्या जागी तपासणीत जे निघालं होतं ते लिहिलं, सही केली, तारीख घातली. सुजय फोनवर बोलत होता. बोलणं संपल्यावर त्यानं वरचा कागद उचलून वाचला आणि मग खालचा.

"हे काय वहिनी?"

ती काउंटरवर आली. मारोतरावांचा रिपोर्ट लिहायचा राहिला होता. तो लिहिला. खाली त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत वेगळी ओळ लिहिली: 'बोअरचं पाणी प्यायला चालेल. किडनीसाठी काय ते डॉक्टरांना विचारा, साइटला नाही.' कागद त्यांच्या हातात दिला.

"फोन द्या काका."

त्यांनी दिला. निळ्या थेंबावर तिनं अंगठा दाबून धरला. चिन्ह थरथरायला लागलं. काढायचं का, असं फोननं विचारलं. तिनं हो म्हटलं. नातीचा चेहरा पूर्ण दिसला. मुलीच्या पुढचे दोन दात पडलेले होते.

"वहिनी, मी बोलून राहिलो तुमच्याशी," मागून सुजय म्हणाला. "संध्याकाळी दादाले सांगतो मी."

मारोतरावांनी दोघांकडे पाहिलं. काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलं होतं. उठताना त्यांनी रिकाम्या बाटल्या पिशवीत घातल्या आणि उगाच, जायचं म्हणून, बोलले, "चला बाई. म्हणजे पुढच्या वर्षी आणतोच मी पाणी. इथंच आणतो न?"

वसुंधरानं अंगातला पांढरा कोट काढला, घडी घातली आणि काउंटरवर ठेवला.

"इथं नका आणू काका," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "उद्यापासून मी इथं नाही."