बिनआरशाचा

…ठिपका अजून तिथेच होता. वैजनाथने लेन्स काढून कॅमेरा उजेडाकडे धरला, रबरी पंपाने दोनदा हवा मारली, तरी आरशाच्या वरच्या काचेवरचा तो तिळाएवढा ठिपका हलला नाही. त्याने काही बिघडत नव्हतं. हा ठिपका फोटोत येत नाही, फक्त बघणाऱ्याला दिसतो. कॅमेरा जुना झाला होता एवढंच, आणि आज साडेनऊला त्याची कंपनी आपला पहिला मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, कॅमेरा जगाला दाखवणार होती.

केडगावच्या स्टुडिओचं शटर अर्धं वर करून तो मोबाईलपुढे बसला होता. महिनाभर कंपनी नुसती एक जाहिरात दाखवत होती — अंधारात कॅमेऱ्याच्या कडेवरून फिरणारी उजेडाची रेघ, बाकी काही नाही. ही रेघ बघायला त्याची बायको कडूबाई नव्हती. पण कंपनी काढणार, काढणार ही बातमी दोन वर्षं जुनी होती, आणि तिच्या हयातीत ती रोज सकाळी काउंटरवर अल्बम चिकटवता चिकटवता विचारायची, "आला का हो तुमचा बिनआरशाचा?" — जणू कर्जतची एसटी यायची आहे आणि थोडा उशीर झालाय. इतर कंपन्यांनी कधीच काढले होते. सूर्यभानने तर घेतलाही होता. आठ वर्षं वैजनाथच्या हाताखाली लाईट धरले, काम शिकला, मग त्याच पुणे रोडवर स्वतःचा स्टुडिओ टाकला आणि दुसऱ्या कंपनीचा बिनआरशाचा घेऊन बसला. वैजनाथ थांबला. चार लेन्स एका कंपनीच्या, हाताला सवय एका कंपनीची… आणि ती म्हणाली होती, आपल्या कंपनीचा येऊ दे, पहिला फोटो माझा काढा.

मोबाईल वाजला. फ्लेक्सवाला काकासाहेब.

"वैजूशेठ, फोटो पाठवा ना. रविवारी वहिनींचं पहिलं पुण्यस्मरण हाय, आज न्हाई दिला तर उद्यापास्नं मी लग्नाच्या फ्लेक्समधी अडकलो."

"देतो दुपारपर्यंत."

"लोकाच्या घरचा फोटो तुमी तासाभरात करून देता राव. आन् घरचाच लांबवताय."

हे खरं होतं. आधार कार्डावरच्या फोटोवरून त्याने किती तरी म्हाताऱ्या उभ्या केल्या होत्या. मिटलेले डोळे उघडले होते, लुगड्याचा रंग बदलला होता, मागे निळं आभाळ टाकलं होतं. पण त्याच्या हार्डडिस्कांत हजारभर नवऱ्या निघाल्या आणि बायको निघाली ती कडेकडेने. कुठे लाईट धरलेला हात, कुठे अर्धा खांदा. समोर बसवून काढलेले सात-आठ होते, आणि त्या सगळ्यांत तिचा तो धरलेला चेहरा. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला की ती पदर ओढायची, ओठ मिटायची आणि बँकेच्या पासबुकासाठी बसल्यासारखी बसायची. हस की, म्हटलं तर आणखीनच घट्ट. तो मनाशी म्हणायचा, असू दे, हा चेहरा ती माझ्यासाठी करते… माझ्यापुढे लाजते.

संस्कृती चहा घेऊन आली. मुलगी कॉलेजला जायच्या घाईत होती, पण बसली.

"पप्पा, सूर्यभानकाकांनी काढलेलाच फोटो द्या."

"तो व्हॉट्सॲपवरचा आहे. एवढ्या मोठ्या फ्लेक्सला फुटेल."

"मग ओरिजिनल मागायचा."

तो कॅमेरा पुसत राहिला.

"तुमच्या फोटोंत आई कस्टमर दिसते, पप्पा," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "मी केलाय त्यांना फोन. येतायत."

रागावायचं तर कशावर? तो फोटो त्याने वर्षभरात इतक्या वेळा पाहिला होता की डोळे मिटले तरी दिसे. कर्जतला रामहरी म्हणून एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं, सूर्यभान मदतीला आला होता. फोटोत कडूबाई मांडवामागे खुर्चीवर बसलीय, मान मागे टाकलीय आणि हसतेय — काढलेल्या दाढेची खिंड दिसेल इतकी. सव्वीस वर्षांत वैजनाथला असा एक फोटो मिळाला नव्हता. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्यभानने तो पाठवला, वहिनींचा आहे म्हणून. चांगल्या मनाने पाठवला असेल. पण वैजनाथने दहाव्याच्या आत तो बोटांनी मोठा करून करून शोधलं होतं, ती कुणाला हसतेय. तिच्यापुढे कुणी नव्हतं. पुढे कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे सूर्यभान.

आणि या वर्षात त्याला आणखी एक गोष्ट खुपायला लागली होती, जी आयुष्यभर कधी खुपली नव्हती. आपल्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आरसा वर उडतो आणि डोळ्यापुढे क्षणभर काळं होतं. ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण काढणाऱ्याला दिसत नाही. तिचे जेवढे फोटो मी काढले तेवढ्या वेळा मी अंधारात होतो… आणि सूर्याच्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. त्याला काळं झालं नाही. ते हसू त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं.

"भाऊ, आला का तुमचा?" शटरखालून वाकून सूर्यभान आत आला.

"साडेनऊला आहे."

"दहाला पाच कमी हायत की."

वैजनाथने मोबाईल उचलला. खरंच येऊन गेला होता. पांढऱ्या पडद्यावर काळा, लहानसा, अंगाने सुटसुटीत. सूर्यभान त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाला, "झ्याक हाय. वजनाला पण कमी दिसतो. आता घ्या, आन् मला कंपनी सोडली म्हणून बोलायचं बंद करा."

संस्कृती हसली. वैजनाथने मोबाईल पालथा ठेवला. दोन वर्षं वाट पाहिली होती आणि त्याला वाटलं, अजून चार दिवस आला नसता तर बरं झालं असतं. वाट दोघांची होती. कॅमेरा एकट्याला आला होता.

सूर्यभानने पेनड्राईव्ह लावला. "एकच न्हाई भाऊ, सगळी लाईनच आनलीय. बोट दाबून ठिवलं हुतं, चौदा निघाले."

चौदा. वैजनाथने पहिला उघडला. हसू सुरू व्हायच्या आधीची कडूबाई, तोंडात घास. चौथ्यात मान मागे जातेय. सातवा. नववा तो ओळखीचा, पण आता स्वच्छ, कानातली कुडीसुद्धा दिसणारा.

"कशाला हसत होती?" त्याने पडद्याकडे बघतच विचारलं.

"काय म्हाईत. आचाऱ्याबरुबर कायतरी चाललं हुतं, जिलबीवरनं. माज्याकडं बघतच नव्हत्या. कॅमेऱ्याला आवाज न्हाई, त्यांना कळलं पन न्हाई."

आचारी. वर्षभर वैजनाथने जे उराशी धरलं होतं ते जिलबीवरून निघालं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याने पुढचा उघडला.

अकराव्यात तोंड मिटत होतं. बाराव्यात हात पदराकडे. तेराव्यात, चौदाव्यात तोच — धरलेला चेहरा. म्हणजे हाही सूर्याला मिळाला होता? जो चेहरा फक्त आपला म्हणून सांभाळला तोही… पण ती सूर्यभानच्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे डावीकडे होते, वर, स्टेज होतं तिकडे.

स्टेजवर मी होतो.

मंगळसूत्राची वेळ होती. उजव्या बाजूला लाईट हवा होता, लाईट तिच्याकडे असायचा आणि ती जाग्यावर नव्हती. मांडवामागून हसण्याचा आवाज आला. तिचाच. त्याने कॅमेरा खाली घेतला होता आणि वळून डोळे वटारले होते. बोलला काही नाही, नुसतं बघितलं. मग परत वळून फोटो काढले. एवढंच झालं होतं… संध्याकाळी घरी जाताना त्याला त्यातलं काही आठवतही नव्हतं.

"हे शेवटचे चार कुणाला दाखवलेस?"

"त्यात दाखवायसारखं काय हाय? वेस्ट गेलेत ते."

"तुझ्याकडचे पुसून टाक."

"आन् हसतानाचा?"

"तो राहू दे तुझ्याकडे."

सूर्यभानने संस्कृतीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. काकासाहेबचा पुन्हा फोन आला, तो तिनेच घेतला. "हो काका, मिळालाय. पाठवते. नववा पाठवू ना पप्पा?"

"पाठव," वैजनाथ म्हणाला. त्याला खरंच काही वाटलं नाही. हसणारी कडूबाई केडगावच्या चौकात लागेल, येणारे-जाणारे बघतील, बघू देत.

त्याच्यापुढे चौदावा उघडा होता. त्या नजरेत भीती होती का, की राग, की लाईटकडे उठायच्या आधीचं नुसतं 'आले, आले'… त्याला कळेना. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या वेळी त्याच्या डोळ्याला कॅमेरा नव्हता. मधे काही नव्हतं. उघड्या डोळ्यांनी त्याने तिला पाहिलं होतं. तो मांडव आठवला, फुलांचा वास आठवला, वळताना मानेला बोचलेला पट्टासुद्धा आठवला. तिचा चेहरा काही केल्या आठवेना… आणि तो त्या माणसाचा हेवा करत बसला, जो त्या दुपारी स्टेजवर उभा राहून तिच्याकडे बघत होता.